लग्न इथे, संसार तिकडे: बडोद्याच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

रावपुऱ्यात एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली माझं टेबल आहे. लग्नाचे, जन्माचे, शाळा सोडल्याचे दाखले गुजराती-मराठीतून इंग्रजीत करून देणं हा माझा धंदा. डिसेंबर-जानेवारीत एनआरआय मंडळी उतरली की लग्नं लागतात आणि फेब्रुवारीत हाताची मेंदी पुरती न उतरलेल्या मुली फायली घेऊन समोर बसतात. मी कागद वाचत असते तोवर त्या प्रश्न विचारतात. मी वकील नाही. पण इतकी वर्षं हेच कागद आणि त्यांवर आलेली नकाराची पत्रं वाचते आहे, म्हणून जे पक्कं ठाऊक आहे ते लिहून ठेवते. तेच तेच सांगून घसा बसतो, हेही एक कारण.

काकू, लग्न झालं, दाखलाही मिळाला. आता तिकडे राहायचा हक्क झाला ना माझा?

नाही गं. दाखल्याने तू कुणाची बायको आहेस एवढंच ठरतं. आत घ्यायचं की नाही हे ते सरकार ठरवतं, आणि बहुतेक देशांत अर्ज उभा राहतो तो तिकडे असलेल्या जोडीदाराच्या जोरावर. त्याची नागरिकता, त्याचा पगार, त्याची सही. तू त्या अर्जातली 'लाभार्थी'. हा शब्द मला कधीच आवडला नाही, पण फॉर्मवर तोच असतो.

अमेरिकेत सँड्रा मुन्योस नावाची नागरिक महिला आपल्या एल साल्वादोरच्या नवऱ्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. नवऱ्याचा व्हिसा नाकारला होता. २१ जून २०२४ ला कोर्टाने सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात आणणं हा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही. युरोपातलं मानवी हक्क न्यायालय कौटुंबिक जीवनाचा मान राखायला सांगतं, पण संसार कुठल्या देशात थाटायचा ही नवरा-बायकोची निवड सरकारने मानलीच पाहिजे, असं तेही म्हणत नाही.

मग समानतेचा कायदा नेमका कुठे कामाला येतो?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. एका सायंकाळी एमएस युनिव्हर्सिटीत लॉ शिकणाऱ्या मुलीने विचारला आणि दुकान बंद करायला मला साडेनऊ वाजले.

सरकारला दार बंद ठेवता येतं. पण एकाला उघडायचं आणि दुसऱ्याला त्याच परिस्थितीत बंद ठेवायचं, तर कारण द्यावं लागतं. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये स्थायिक असलेला पुरुष आपली बायको सहज आणू शकत असे. स्थायिक बाईने नवरा आणायचा म्हटला की अडथळे. अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंडाली या तीन बायका स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. सरकारचा युक्तिवाद असा, की बाहेरून आलेले पुरुष नोकऱ्या बळकावतील, बायका काही बळकावणार नाहीत. २८ मे १९८५ ला न्यायालयाने हा लिंगभेद ठरवला. बायका जिंकल्या.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने नियम समान केले. कसे? बायकांच्या नवऱ्यांना लावलेले अडथळे पुरुषांच्या बायकांनाही लावून. कोर्टाने 'समान करा' म्हटलं होतं, 'सोपं करा' नव्हतं म्हटलं. पंगतीत एकीला श्रीखंड वाढलं नाही म्हणून तक्रार केली, तर सगळ्यांच्याच पानातलं काढून घेतलं, असा हा न्याय. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण कायद्याने ते बरोबरच आहे ना?" बरोबर आहे. तिथेच माझं डोकं अडतं.

अरेंज्ड मॅरेजवर जास्त संशय घेतात, हे खरं आहे का?

घेत होते, आणि उघडउघड. ब्रिटनमध्ये 'मुख्य हेतू' नावाचा नियम होता. अर्जदाराने सिद्ध करायचं की लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये राहणं हा नव्हता. नसलेला हेतू सिद्ध कसा करायचा, देव जाणे. भारतीय उपखंडातल्या तरुणांना याचा सगळ्यात जास्त फटका बसला. आपल्याकडे मुलगी सासरी जाते. मग मुलगा बायकोच्या देशात का चालला आहे, अशी विचारणा व्हायची. म्हणजे आपल्या आज्या 'घरजावई' म्हणून नाक मुरडायच्या, तसंच नाक व्हिसा अधिकाऱ्याने मुरडायचं, आणि वर आपलाच रिवाज आपल्याला ऐकवायचा. १९९७ च्या जूनमध्ये नव्या सरकारने हा नियम काढून टाकला.

त्याआधीची एक गोष्ट तर सांगतानाही लाज वाटते. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी लंडनला उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी झाली. ती खरंच अविवाहित आहे का, हे पाहायला! बातमी बाहेर आली, इथे आणि तिकडे गदारोळ झाला आणि तो प्रकार थांबला.

आज नियमांत 'अरेंज्ड' हा शब्द कुठे नाही. नातं खरं आहे का, एवढंच बघतात. पण खरं नातं कसं दिसतं याची प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोक्यात एक तसबीर असते. माझ्या मावसबहिणीच्या अर्जाला एका वकिलातीने नकार दिला, त्यात लिहिलं होतं की फोटोंमध्ये जोडप्यात जवळीक दिसत नाही. फोटो कुठले, तर साखरपुड्याचे. मागे सोफ्यावर दोन्हीकडचे सासू-सासरे, मध्ये पेढ्यांचं ताट, आणि नवरा-नवरी अंग चोरून कडेला. आमच्या घरात त्या दिवशी याहून जास्त जवळीक दिसली असती तर आजीनेच नकार दिला असता.

म्हणून मी सांगते, पत्रिका जुळवल्याचा कागद, पाहण्याच्या कार्यक्रमाची तारीख, दोन्ही घरांची लग्नपत्रिका, गुजराती छापली असेल तर कंकोत्रीही, आणि एक साधं पत्र जोडा: आमच्यात लग्न असं ठरतं, या क्रमाने ठरलं, आणि नंतर आम्ही रोज असं बोललो. अधिकाऱ्याला आपला रिवाज माहीत असेल असं धरून चालू नका.

समानतेच्या कायद्यातच इमिग्रेशनला सूट असते म्हणे?

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात आहे. वंशभेदाला बंदी आहे, पण इमिग्रेशनचं काम करताना राष्ट्रीयत्व आणि मूळ देश यांवरून फरक करायला, कायद्याचा किंवा मंत्र्याचा अधिकार असेल तर, सूट आहे. लिंगभेदाला तशी सूट नाही. सूट नसती तर 'अमुक देशांना व्हिसा लागतो, तमुक देशांना लागत नाही' हे सांगणंसुद्धा बेकायदा ठरलं असतं, त्यामुळे थोडीफार सूट लागणारच.

डेन्मार्कची गोष्ट यापुढची. तिथे जोडीदार आणायला दोघांची देशाशी नाळ किती, हे मोजत. मात्र अठ्ठावीस वर्षं नागरिक असलेल्याला त्यातून माफी. नियमात वंशाचा शब्दही नाही. पण जन्मापासून डॅनिश असलेला माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी सुटतो, आणि मोठेपणी नागरिक झालेला टोगो मूळचा माणूस साठीला टेकतो. २४ मे २०१६ ला स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने अशाच एका माणसाच्या, बियाओच्या, खटल्यात हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. वरून सारखा दिसणारा नियम कोणाच्या पायात काटा होऊन रुततो, हे बघायला न्यायालयाला तयार करणं हीच यातली मोठी लढाई.

भाऊ लेस्टरला आहे, दुकानात काम करतो. वहिनीला नेता येईल?

पगार बघा. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये जोडीदार आणायला वर्षाला १८,६०० पौंडांची अट घातली. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांना ती २९,००० पौंड झाली. पगार कमी पडत असेल तर बचत दाखवता येते. नुसत्या बचतीवर निभवायचं असेल तर ८८,५०० पौंड लागतात, आणि ते सहा महिने खात्यात असावे लागतात. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आगाऊ. टीबीची तपासणी आणि इंग्रजीची प्राथमिक परीक्षा वेगळी. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, मग वाढवून घ्यायचा, आणि पाच वर्षं झाली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज. २०१२ च्या आधी हे दोन वर्षांत होत असे.

यात समानता कुठे आहे? आकडा सगळ्यांना सारखा आहे. पण लंडनच्या बँकेत बसणाऱ्याला तो आकडा म्हणजे काहीच नाही, आणि लेस्टरच्या दुकानात उभ्या असलेल्याला डोंगर. बायकांचा पगार सरासरीने कमी, त्यामुळे नवरा आणणाऱ्या बाईला तो आणखी उंच. हा वाद २२ फेब्रुवारी २०१७ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः कायदेशीर, पण मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नियमांत नाही आणि उत्पन्नाचे इतर मार्ग बघायला हवेत, असं कोर्ट म्हणालं. त्यानंतर नियमांत थोडी जागा झाली. अट राहिली.

बडोद्यातला जमीनजुमला त्या पगारात धरतील का, असं भावाच्या वडिलांनी मला विचारलं. जमीन पगारात धरत नाहीत. तिचं भाडं किंवा विकून आलेला पैसा, तोही नियमात बसेल तसा, धरता येतो.

मुलगी एकवीसची व्हायची आहे. अडचण येईल?

ब्रिटनने जबरदस्तीची लग्नं रोखायला २००८ मध्ये जोडीदार व्हिसाचं वय २१ केलं होतं. १२ ऑक्टोबर २०११ ला सुप्रीम कोर्टाने ते पाडलं, कारण स्वखुशीने लग्न केलेली कितीतरी तरुण जोडपी त्यात विनाकारण भरडली जात होती. आता अठरा. जबरदस्ती होत असेल तर मात्र वयाचा प्रश्नच नाही, सरळ सांग.

मुलगा अमेरिकेत आहे. व्हिसा किती दिवसांत?

आधी हे विचारा की तो तिकडे कोण आहे. 'अमेरिकेत आहे' यात सगळं मोडतं, आणि बघण्याच्या कार्यक्रमात नेमका हाच प्रश्न कोणी नीट विचारत नाही. पगार विचारतात, घर विचारतात.

नागरिक असेल तर जोडीदाराच्या व्हिसाला वार्षिक मर्यादा नाही. कागदपत्रं होईपर्यंतची वाट, एवढंच. ग्रीन कार्डवाला असेल तर संख्येची मर्यादा आहे आणि रांग आहे. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असेल तर तुम्हाला एच-फोर हा जोडीदाराचा व्हिसा मिळतो, त्यावर राहता येतं, शिकता येतं. नोकरी मात्र नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेली असेल तरच, तीही २०१५ पासून. त्याआधी एमई झालेल्या मुली तिकडे जाऊन वर्षानुवर्षं घरी बसल्या. बडोद्याहून पापड-कुरडया पाठवून त्यांचा दिवस जात नव्हता.

रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डात प्रत्येक देशाला सारखाच सात टक्क्यांपर्यंत वाटा. भारताला सात, आइसलँडला सात. कागदावर याहून समान काही असूच शकत नाही, आणि म्हणूनच आपली मुलं रांगेत म्हातारी होतात.

आणि एक. बायको आणताना नवरा आय-८६४ नावाचं हमीपत्र लिहून देतो: उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्के असेल आणि हिला सरकारवर भार होऊ देणार नाही. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाचा हिशोब भरेपर्यंत ती चालू राहते. सासरच्यांना हे सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

तो म्हणतो, "जास्त बोललीस तर ग्रीन कार्ड काढून घेईन." काढू शकतो?

याचं उत्तर मोठ्या अक्षरात लिहायला हवं. लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत अमेरिकेत गेलात तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटीचं. ते पक्कं करायला शेवटच्या नव्वद दिवसांत दोघांच्या सहीने अर्ज करायचा असतो. त्या सहीचाच धाक घालतात. पण मारहाण, छळ झाला असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर तिला एकटीने अर्ज करता येतो, आणि त्याला नव्वद दिवसांची वाट पाहावी लागत नाही. अत्याचार झालेल्या जोडीदाराने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा मार्ग १९९४ च्या कायद्याने खुला केला, आणि त्याची खबर सरकार नवऱ्याला देत नाही.

ब्रिटनमध्येही घरगुती हिंसाचारामुळे संसार मोडला तर जोडीदार व्हिसावरच्या बाईला स्वतंत्रपणे कायमचं वास्तव्य मागता येतं, आणि हातात पैसे नसतील तर तात्पुरती मदतही. आपल्याकडे जास्त दिसणारा प्रकार वेगळाच असतो. नवरा 'आईला भेटून ये' म्हणून इथे आणतो, पासपोर्ट आणि व्हिसाचं कार्ड घेऊन एकटाच परत जातो. ब्रिटनचे नियम वर्षानुवर्षं अशा बाईला मोजतच नव्हते, कारण ती ब्रिटनमध्ये नव्हती. तिथे सोडलेली बाई पात्र, इथे आणून सोडलेली अपात्र. २०२२ मध्ये तिथल्या हायकोर्टाने हा भेदभाव ठरवला आणि २०२४ पासून परदेशात टाकून दिलेल्या जोडीदारालाही अर्ज करता येतो.

मी प्रत्येक मुलीला सांगते: पासपोर्ट, व्हिसाचं पान, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टचं पहिलं पान आणि त्याचा पत्ता, या सगळ्याचे फोटो स्वतःच्या ईमेलवर. त्याला माहीत नसलेल्या ईमेलवर. एक संच आईच्या कपाटात. हे सांगताना समोर नवरा बसलेला असला तरी सांगते.

तिकडच्या कोर्टातून घटस्फोटाचा कागद पोस्टाने आला. आता?

घाबरून सही करून परत पाठवू नका. १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की लग्न ज्या कायद्याने झालं त्या कायद्याला मान्य असलेल्या कारणावर, आणि दुसऱ्या बाजूने खरोखर हजर राहून लढलं किंवा मान्य केलं असेल, तरच परदेशी घटस्फोट इथे सहसा टिकतो. एकतर्फी कागद इथे आपोआप पक्का होत नाही. पण तो तिकडे पक्का असू शकतो, आणि मग तुमचा तिकडचा व्हिसा जातो. इथे बायको, तिथे नाही, असं त्रिशंकू होतं. वकील गाठा, फॅमिली लॉ करणारा.

बडोद्याच्या लोकांना मी एक आठवण करून देते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच आला. सगळ्या देशासाठी एकच कायदा यायला १९५५ उजाडावं लागलं. त्यामुळे 'आमच्यात घटस्फोट नसतो' हे निदान बडोदेकराने म्हणू नये.

आपला भारत तरी बायका-पुरुषांना सारखं वागवतो का?

आता बऱ्यापैकी. आधी नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी लग्न करून नोंदणीने नागरिक व्हायची सोय फक्त 'स्त्रियांना' होती. म्हणजे बडोद्याच्या मुलाने जर्मन मुलगी केली तर ती नागरिक होऊ शकायची. बडोद्याच्या मुलीने जर्मन मुलगा केला तर त्याला ती वाट बंद. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्रिया' च्या जागी 'व्यक्ती' शब्द आला. आणि इथेही बघा, समान करतानाच पाच वर्षं भारतात राहण्याची अट जोडली. लंडनमध्ये जे एक वर्ष आधी झालं, ते दिल्लीतही झालं. पुढे ती सात वर्षं झाली.

मुलांचं तसंच. १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळायचं ते फक्त वडील भारतीय असतील तर. आईचं नागरिकत्व चालत नसे. त्या तारखेनंतर आई किंवा वडील, कोणीही. १९८०-८५ चा, परदेशात जन्मलेला, आई बडोद्याची आणि बाप परदेशी असा माणूस टेबलाशी आला की मी आधी जन्मतारीख विचारते.

परदेशी सून किंवा जावई इथेच राहणार असेल तर?

एंट्री व्हिसा घ्यायचा, तो १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करायची, तीही आता ऑनलाइन. लग्न नोंदून दोन वर्षं टिकलं की ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवून भारतात राहता येतं त्या कार्डासाठी, अर्ज करता येतो. पात्र ठरायच्या आधी सुरक्षा तपासणी होते. स्वतः किंवा आई-वडील, आजी-आजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय नाही. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नागरिक व्हायचं असेल तर सात वर्षांचं वास्तव्य, आणि आधीचा पासपोर्ट सोडायचा.

आपल्या घटनेतलं कलम १४, कायद्यापुढे समानता, हे 'कोणत्याही व्यक्तीला' आहे, परदेशी माणसालाही. भारतात कुठेही राहण्या-वसण्याचा हक्क मात्र कलम १९ चा, आणि तो फक्त नागरिकांना. जावईबापू भेदभावाविरुद्ध कोर्टात जाऊ शकतात, पण 'मी इथेच राहणार' असं म्हणायचा हक्क त्यांना नाही. उत्पन्नाची किंवा भाषेची अट आपल्याकडे नाही. आमच्या शेजारची फ्रेंच सून 'केम छो' आणि 'बरं आहे' दोन्ही एकाच वाक्यात म्हणते, तिला कोणी परीक्षा घेतली नाही.

दोघं मुलगेच आहेत (किंवा दोघी मुली). काही मार्ग?

आहे, पण बाहेरून. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे इथे दाखला मिळणार नाही. अमेरिका २०१३ पासून समलिंगी जोडीदाराला तेच हक्क देते, आणि लग्न जिथे झालं तिथे ते कायदेशीर असलं की पुरतं. म्हणून वाग्दत्त व्हिसावर जाऊन तिथे लग्न, किंवा तिसऱ्या देशात लग्न. ब्रिटनमध्ये लग्नाशिवायही, दोन वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवून अर्ज करता येतो. घरी कळू द्यायचं नसेल तर कागद ईमेलने पाठवा. माझ्या टेबलाशी तुमच्या ओळखीचं कोणीतरी बसलेलं असतंच.

कॅनडा? जर्मनी? दुबई?

कॅनडात जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट सहसा नाही. स्पॉन्सरने तीन वर्षांची जबाबदारी घ्यायची. मधल्या काळात तिथेही दोन वर्षांची अटीची पीआर (कायमच्या वास्तव्याची परवानगी) होती, छळ सोसणाऱ्या बायका अडकतात म्हणून २०१७ मध्ये ती काढली. जर्मनीला जायच्या आधी जर्मनची पहिली पायरी पास व्हावी लागते, पण नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, असेल तर ती माफ. इंजिनिअरच्या बायकोला भाषा नको, स्वयंपाक्याच्या बायकोला हवी. आखाती देशांत सहसा स्पॉन्सरची नोकरी आहे तोवरच तुमचा व्हिसा.

मामेभावाशी लग्न झालंय. चालेल?

हिंदू विवाह कायद्यात बहीण-भावाच्या मुलांचं लग्न निषिद्ध, पण समाजाची रूढी असेल तर वैध. आपल्यात अनेक घरांत रूढी आहे, तशी ती लिहून द्या. अमेरिकेच्या काही राज्यांत चुलत-मामे भावंडांच्या लग्नाला मनाई आहे, तेव्हा कुठल्या राज्यात राहणार ते आधी बघा.

एजंट म्हणतो, कागदावर लग्न करा, बाकी मी बघतो.

उठा आणि निघा. अमेरिकेत खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. एकदा तसा शिक्का बसला की पुढे खऱ्या लग्नावरही ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर होत नाही.

लग्नाची नोंदणी कुठे करायची, आणि लग्नात नाव बदललं तर?

सहसा लग्न जिथे लागलं तिथे. बडोद्यात लागलं तर इथल्या निबंधकाकडे, पुण्याच्या हॉलमध्ये लागलं तर तिथल्या निबंधकाला आधी विचारा. गुरुजींची सही, दोन साक्षीदार, दोघांचे पुरावे. गुरुजी दक्षिणा घेऊन दुसऱ्या मुहूर्ताला पळायच्या आत सही घ्या.

आणि नाव. माझ्या टेबलावरचे अर्धे घोळ इथे होतात. लग्नात ताटभर तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो, सगळे वाचायला वाकतात. दोन महिन्यांनी ती मुलगी माझ्यासमोर बसते: शाळेच्या दाखल्यावर शरयू, आधारवर माहेरचं आडनाव, लग्नाच्या गुजराती दाखल्यावर आडनाव आधी, मग 'मीरा', मग नवऱ्याचं नाव, आणि पासपोर्टवर पुन्हा शरयू. वकिलातीतल्या माणसाला दोन बायका दिसतात. एकदा मीसुद्धा शरयूच्या स्पेलिंगमधला एक 'ए' गाळला आणि त्या पोरीची फाइल पाच आठवडे अडकली. तिला फीचे पैसे परत केले, पण पाच आठवडे परत देता आले नाहीत.

कायदा नाव बदलायला लावत नाही. २०१६ च्या अखेरीपासून विवाहित अर्जदाराला पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला जोडण्याचीही सक्ती नाही. तेव्हा तांदळात काय लिहायचं ते लिहा, हौस आहे. दाखल्याच्या फॉर्मवर मात्र पासपोर्टवर आहे तेच, अक्षर न अक्षर तेच नाव भरा, आणि सही करायच्या आधी फॉर्म मला एकदा दाखवा. त्याचे मी पैसे घेत नाही.